मागे उडणाऱ्याचं इंजिन

"आणि शत्रू समोर असताना मी इंजिनाच्या काट्यांकडे बघत बसू?"

 केतकी फडक्याने संगणकाचा पडदा पुसत होती.

"अगं, मी विचारून राहिलो तुला."

"कितवं इंजिन गेलं हे, काका?"

"...नववं."

विंग कमांडर यशवंत देवतळे निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती. एकवीस वर्षं त्यांनी जेट विमानं उडवली. आता ते संगणकावर जुन्या महायुद्धातली, पंख्याची लढाऊ विमानं उडवत.

केतकी भोयर चोवीस वर्षांची. नागपुरात एका पंपदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत तीन संगणक मांडून ती हे उडणं शिकवायची. आठ जणांच्या गटात कुणी कुठे उडायचं, तेही तीच ठरवायची.

पहिल्या दिवसापासून देवतळे सगळ्यांच्या पुढे उडत. तसं कुणी ठरवलं नव्हतं. ते पुढे जाऊन बसले आणि कुणी उठवलं नाही. त्यांना नाही म्हणायची पद्धत घरात नव्हती, हवाई दलात नव्हती. खेळातही कुणी पाडली नाही.

"रविवारची मोहीम मोठी आहे," ते म्हणाले. "पुढे मीच ना?"

केतकीने फोन त्यांच्यापुढे धरला. परागचा निरोप होता. एकोणीस वर्षांचा पराग त्यांची पाठ राखायला नेहमी त्यांच्या मागे उडायचा.

ताई, रविवारी मला काकांच्या मागे ठेवू नका. कारण विचारू नका.

देवतळ्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"घाबरला पोरगा."

"नऊ वेळा तुमचं इंजिन गेलं. नऊ वेळा तुम्ही शत्रूच्या शेतात उतरलात. वर कोण होतं?"

त्यांच्या खेळात नियम होता. शेतात उतरलेल्याच्या डोक्यावर आपलं विमान फिरत राहिलं, तर सोडवणारं विमान येऊन त्याला उचलून नेतं. नाहीतर तो कैदी.

"पराग होता," देवतळे म्हणाले.

"नऊ वेळा तुम्ही सुटलात. नऊ वेळा तो तुमच्यावर पहारा देताना पडला."

"खेळ आहे पोरी हा! हवाई दलात माझ्या मागे चार जण असत. खरे."

"तेव्हा थ्रॉटल कुठवर न्यायचात?"

"पूर्ण कधीच नाही. पुढच्याने पूर्ण जोर लावला, तर मागच्यांनी त्याला गाठायचं कसं?" ते थांबले. "...तिथे माणसं होती."

केतकीने फोन पुन्हा त्यांच्यापुढे धरला.

खाली दुकानात कुणीतरी पंप चालू करून पाहिला. बंद केला.

"बरं बाप्पा," देवतळे म्हणाले. "शिकव."

तिने टेबलावरच्या दोन लिव्हरवर बोट ठेवलं.

"ही थ्रॉटल. इंजिनाला जोर देते. ही पात्यांचा कोन बदलते. पातं हवेचा केवढा घास घेणार, ते हिच्यावर. घास मोठा ठेवून जोर दिला की इंजिन तापतं, ठोके देतं, फुटतं. घाटात चौथ्या गिअरवर स्कूटर रेटल्यासारखं."

"माहीत आहे."

"जोर वाढवताना आधी पातं, मग थ्रॉटल. कमी करताना आधी थ्रॉटल, मग पातं."

"आमच्या जेटला एकच लिव्हर होती."

"हो. तुम्हाला दोघांचं ऐकायची सवय नाही."

"पाढे म्हणून घे आता माझ्याकडून!"

"पाढे येतात तुम्हाला. नवव्या इंजिनाच्या वेळीही येत होते."

ती त्यांच्या खुर्चीशी गेली.

"उठा."

ते उठले. ती तिथे बसली. शेजारची खुर्ची तिने पायानेच सरकवली.

"आज मी पुढे. तुम्ही पराग."

दोन विमानं उडाली.

केतकी थेट देवतळ्यांसारखी उडाली. घास मोठाच ठेवला आणि थ्रॉटल टोकाला नेली. तिच्या इंजिनाचा आवाज जड झाला.

"अगं, काय करून राहिली तू? आधी पातं!"

"शत्रू समोर आहे."

"कुठे आहे? आज शत्रू ठेवलाच नाहीस तू!"

"मागे पडू नका, काका."

ती लांब जात होती. तिला गाठायला देवतळ्यांनीही थ्रॉटल टोकाला नेली. त्यांचा काटा लाल पट्ट्यात शिरला.

"केतकी, हळू... मला जमत नाही तुला गाठायला."

"या ना मग!"

शब्द त्यांचेच होते. परागला ते हेच म्हणायचे.

मग पुढच्या विमानातून पांढरा धूर निघाला. एक आवाज. पातं थांबलं.

केतकीचं विमान तरंगत खाली गेलं आणि एका पिवळ्या शेतात पोटावर घसरत थांबलं. वरून ते बोटाएवढं दिसत होतं.

देवतळ्यांनी विमान कलतं केलं. शेतावर पहिली घिरटी घातली.

"सोडवणारं विमान किती वेळात येतं?"

"पंचवीस मिनिटं."

त्यांचा काटा अजून लाल पट्ट्यात होता. असं पंचवीस मिनिटं निघणार नव्हती. पाचही नाही.

त्यांचा हात थ्रॉटलवर गेला. ती त्यांनी मागे घेतली. थांबले. मग पात्यांची लिव्हर, दोन बोटांनी, जराशी. इंजिनाचा आवाज खाली बसला. काटा हलला नाही. त्यांनी थ्रॉटल आणखी थोडी घेतली. पुन्हा पातं.

काटा लाल पट्ट्यातून बाहेर आला.

शेत. काटा. शेत. काटा.

"तुम्ही परत गेलात तरी चालेल," केतकी म्हणाली. "खेळ आहे."

"गप्प बस."

खोलीतला कूलर घुरघुरत होता. देवतळ्यांची कॉलर भिजली होती. अकरा मिनिटं झाली.

"पराग... अशा वेळी काही बोलायचा का?"

"विचारायचा, 'काका, लागलं तर नाही ना?'"

"मी काय म्हणायचो?"

"काही नाही. तुम्ही हेडफोन काढून चहाला उठलेले असायचात."

विमान फिरत राहिलं.

देवतळ्यांनी डाव्या हाताने डोळे पुसले. उजवा हात विमान वळवायच्या दांड्यावरून हलला नाही. पुढच्या वळणावर काटा किंचित चढला, तसा त्यांनी न बघताच जोर कमी केला. मग पातं.

अठरा मिनिटं. एकवीस. इंधन पाव टाकी उरलं. इंजिन थंड होतं, एका लयीत चाललं होतं. अजून अर्धा तास तरी ते सहज थांबू शकले असते.

"केतकी."

"हं?"

"रविवारी पुढे कोण उडणार?"

त्यांनी आणखी एक घिरटी घातली.

"तूच ठरवतेस ना? सांग. मी पुढे, की मागे? सांगशील ते ऐकेन मी."

कूलरचाच आवाज.

देवतळ्यांनी शेतावरची नजर पहिल्यांदाच काढली आणि शेजारी पाहिलं. केतकीचे हात मांडीवर होते. तिचा पडदा काळा होता.

"मला काय विचारता, काका? मी तर उतरतानाच मेले."