सोमवारी अकरा वाजता

काजूच्या मुलखात एकदा एक वृद्ध मास्तर राहत होते. निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षे झाली होती, तरी कोणी इंग्रजी शिकायला आले की पडवीतल्या बाकावरची वर्तमानपत्रे उचलून ते जागा करून देत. त्यांची शेवटची विद्यार्थिनी शर्मिला. ती गावातल्या काजू कारखान्यात कारकून होती.

एका गुरुवारी ती घाईघाईने आली. परदेशातला एक मोठा ग्राहक सोमवारी सकाळी अकरा वाजता कारखाना पाहायला येणार होता. आपण पोहोचू तेव्हा तिथे काय काय चालू असेल, हे त्याने आधी लेखी मागितले होते. कारखान्याचे शेठ म्हणाले होते, "पत्र झकास जमलं तर तुला कायम करतो. नाहीतर शहरातून शिकलेला माणूस आणतो." तीन वर्षे ती रोजंदारीवर होती.

"कोणत्या काळाचं काम आहे हे?" मास्तरांनी विचारले.

"चालू भविष्यकाळाचं. आधी 'विल', मग 'बी', पुढे क्रियापदाला 'आयएनजी'. पुढच्या एखाद्या ठरावीक वेळी काम सुरू झालेलं असेल, पण संपलेलं नसेल, तेव्हा वापरायचा."

"पाठ तर पक्का आहे. लिहून आण. उद्या संध्याकाळी बघू."

शेठने सांगितलेली आठ वाक्ये शर्मिलाने शुक्रवारी दुपारी स्वच्छ अक्षरात लिहून काढली. आपण याल तेव्हा बायका बिया फोडत असतील. त्या हातमोजे घालून काम करत असतील. शेडमधले पंखे फिरत असतील. एकाही क्रियापदाचे 'आयएनजी' सुटले नव्हते.

संध्याकाळी मास्तरांनी कागद वाचला, मान डोलावली आणि दुसऱ्या वाक्यावर आपला अंगठा दाबला. कागदावर काळा, चिकट ठसा उमटला.

शर्मिलाचा आवाज चढला. "मास्तर, व्याकरण चुकलं का?"

"नाही."

"मग शब्द चुकला?"

"एकही नाही."

"मग माझ्या पत्राची ही दशा कशाला केलीत? दोन तास बसले होते मी. माझी नोकरी आहे यावर. तुमचं काय जातं?"

मास्तरांनी दोन्ही हात पुढे केले. बोटे काळवंडली होती आणि उजव्या अंगठ्याचे साल सुटले होते. "आज अकरा वाजता मी तुझ्याच कारखान्यात होतो," ते म्हणाले. "मागच्या दाराने गेलो. आवडा माझ्या हाताखाली सातवीपर्यंत शिकली, तिच्या शेजारी बसून बिया फोडल्या. ती हसून म्हणाली, 'मास्तरांनू, हाताक राख लावा आधी. तुमच्या खडूसारखी गरीब नाय ही बी.' टरफलातलं तेल कातडी खातं, हे मला ठाऊक होतं. किती खातं, ते आज कळलं. हातमोजा एकाही हातात नव्हता, शर्मिला. पंखा एक होता. त्याला पातं नव्हतं."

"वाक्यं शेठची आहेत. मी फक्त इंग्रजी केलं."

"मी करीन, असं माणूस म्हणतो तेव्हा ते निदान वचन असतं. मोडलं तर पुढे कधीतरी कळतं. हा काळ तसा नाही. यात तू घड्याळ नेमून देतेस आणि म्हणतेस, या वेळी दार उघडा, हे चालू दिसेल. दाराच्या आत काय आहे, ते लिहिणाऱ्याने बघायला नको? तुझ्या टेबलापासून ती शेड किती पावलांवर आहे?"

कागद उचलून शर्मिला तरातरा निघाली. म्हाताऱ्याला काय कळतं पोटाचं, असे ती अर्ध्या वाटेपर्यंत पुटपुटत होती. पुढे तिला पावले आठवली. चाळीसही नव्हती. तीन वर्षांत ती शेडमध्ये गेली होती ती हजेरीपट घेऊन, दाराशी उभी राहून नावे पुकारण्यापुरती. ज्या हातांच्या नावांपुढे ती रोज हजर म्हणून खूण करत होती, ते हात तिने पाहिलेच नव्हते. मास्तरांवरचा राग उतरला नाही. त्याने फक्त दिशा बदलली.

शनिवारी तिने शेठसमोर नवे पत्र ठेवले. दुसऱ्या वाक्यात 'द विमेन विल बी' आणि तिसऱ्यात 'द फॅन्स विल बी' एवढेच लिहून पुढे जागा सोडली होती.

"हे अर्धवट का?"

"सोमवारी अकराला जे दिसणार ते तुम्ही सांगा, शेठ. तेच लिहिते. तो माणूस हातात हे पत्र घेऊनच शेडमध्ये शिरेल."

"फार शिकलीस गं," शेठ कुत्सितपणे म्हणाले. बराच वेळ ते टेबलावर पेन आपटत राहिले. मग त्यांनी ड्रायव्हरला बोलावून हातमोजे आणि पंखे आणायला पिटाळले. शर्मिलाने वाक्ये पूर्ण केली, शेठने पत्रावर सही केली.

सोमवारी अकरा वाजता शेडमध्ये पंखे फिरत होते आणि चाळीस बायका हातमोजे घालून बिया फोडत होत्या. ग्राहक खूश होऊन गेला. गाडी फाटकाबाहेर पडताच शेठने सगळे हातमोजे गोळा करून कपाटात ठेवायला लावले. "पुढच्या पाहुण्याला लागतील," ते म्हणाले.

कपाटाची किल्ली कारकुनाकडे असे.

मंगळवारी अकराच्या आत शर्मिलाने कपाट उघडले. हजेरीपट टेबलावरच राहू दिला, शेडमध्ये गेली आणि एकेकीच्या हाताशी बसून मोजे दिले. आवडाकाकीची बोटे इतकी सुजली होती की तिला ते घालायला मदत करावी लागली.

"कोणी सांगितलं तुला?" शेठ दारातून ओरडले.

"तुम्हीच, शेठ," ती उठून म्हणाली. "पत्राची प्रत फायलीत आहे. खाली तुमची सही आहे. मोजे काढून घ्यायचे असतील, तर ग्राहकाला तसं कळवावं लागेल. तेही पत्र मीच लिहीन."

शेठ दारातून मागे फिरले. तिला कायम करण्याचा विषय मात्र त्यांनी त्या दिवशी काढला नाही.

संध्याकाळी ती मास्तरांच्या पडवीत येऊन बसली. मास्तरांनी एवढेच विचारले, "आज अकरा वाजता?"

शर्मिलाने आपले हात पुढे केले. मोजे चढवताना लागलेले काळे डाग त्यांवर तसेच होते. मास्तरांनी ते पाहिले आणि पुढच्या पाठाचे पुस्तक उघडले.

उद्या अमुक वेळी आपल्या घरात, आपल्या कारखान्यात काय चालू असेल, हे आपणही मोठ्या विश्वासाने सांगतो. सांगण्याआधी चाळीस पावले चालून यावे.