धाकटीचा उजेड

फार फार लांब, आपल्या शेजारच्या एका दीर्घिकेत दोन तारका राहत होत्या. सख्ख्या बहिणी, एकमेकींभोवती फिरणाऱ्या. थोरली अंगापिंडानं दांडगी आणि महाउधळी. भराभर जळाली आणि एक दिवस तिचा स्फोट झाला. उरला एखाद्या शहरात मावेल एवढासा गोळा. बिचारी विझल्यागत स्वतःभोवती गरगरत राही.

धाकटीला ते बघवेना.

"ताई, माझ्याकडं वायू मोप आहे. घे ना!"

"अगं, तुला पुरायला नको?"

"तू आधी घे बघू. नखरे नकोत."

आणि काय सांगू! तो वायू अंगावर कोसळताच थोरली अशी पेटली की लाखो सूर्य एकीकडं आणि ती एकीकडं. प्रत्येक गिरकीला तिच्या उजेडाचा एक ठोका पडे. उजेड मात्र क्ष-किरणांचा, साध्या डोळ्यांना न दिसणारा. पृथ्वीवरच्या एका खगोलशास्त्रज्ञ बाईंना तो अंतराळातल्या दुर्बिणीतून दिसला. ठोक्यांकडं त्यांचं लक्ष गेलं नाही.

"एवढा उजेड इवल्या ताऱ्याला झेपायचाच नाही," बाई म्हणाल्या. "हे प्रचंड कृष्णविवर असणार."

दीर्घिकेत बोभाटा झाला. (बातमी तिकडं पोचली कशी, ते विचारू नका. गोष्टीत पोचते.) थोरली हरखून गेली. शेजारची तांबडी म्हातारी तारका सल्ला द्यायला हजरच होती.

"ते ठोके झाक बाई आधी! कृष्णविवराला ठोके नसतात. कळलं तर गेला तुझा मोठेपणा."

थोरलीनं वायूचा पदर घट्ट लपेटून घेतला. ठोके दिसेनासे झाले, आणि ती तोऱ्यात मिरवू लागली.

एकदा तिची नजर धाकटीवर गेली. पोर पार रोडावली होती, तरी देतच होती.

"ताई, तुला मोठ्ठं कृष्णविवर म्हणतात ना गं?" तिनं कौतुकानं विचारलं.

"आणि तुला काय म्हणतात?"

"मला? मी कुणाला ठाऊकच नाही," धाकटी हसून म्हणाली.

थोरलीनं स्वतःच्या थाटाकडं पाहिलं. जिच्या जिवावर हा सगळा थाट, तिचं नावसुद्धा कुणी घेऊ नये?

"चुलीत गेला तो मोठेपणा!" म्हणत तिनं पदर भिरकावला. म्हातारीनं कपाळाला हात लावला.

इकडं बाईंनी दुर्बिणीची नोंद पाहिली आणि त्या उडाल्याच. "अगं बाई, ठोके! ही तर एवढीशी आहे. चुकलंच आपलं." त्या ठोके मोजत बसल्या. ते कधी जरा लवकर येत, कधी जरा उशिरा. म्हणजे ही कधी जवळ येते, कधी लांब जाते. कुणाभोवती तरी फिरते.

"हिच्यासोबत कुणीतरी आहे," बाई हळूच म्हणाल्या. "तीच हिला आपल्या ताटातलं भरवतेय."

थोरलीचं नाव कृष्णविवरांच्या यादीतून खोडलं गेलं. नव्या पानावर बाईंनी शेजारी शेजारी दोन तारका काढल्या.

धाकटीला कळलं तेव्हा ती लाजून चूर झाली. "उगाच गं, ताई."

"गप्प बस," थोरली म्हणाली. "आणि आता जरा बेतानं देत जा. मला तू हवी आहेस."

तात्पर्य: ज्याच्यामुळं आपण उजळलो, त्याचं नाव सांगताना आपण लहान ठरलो, तर खुशाल ठरावं.