दट्ट्याखालची हवा

एकदा एका कापूसपेठेतल्या कारखान्यात रुईच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसमधून तेल गळू लागले. ती दुरुस्त करायला एका वृद्ध कारागिराने आपल्या शिष्याला धाडले. या वृद्धाला सारे मिस्त्रीबाबा म्हणत आणि यंत्रांच्या बाबतीत त्यांचा शब्द प्रमाण मानत. शिष्याचे नाव निंबा. एकट्याने करायचे हे त्याचे पहिलेच काम. ते साधले तर यापुढे बाहेरगावची सगळी कामे त्याच्याच हाती सोपवायची, असे बाबांनी ठरवले होते. निंबाला त्याची कुणकुण होती, त्यामुळे स्वारी हवेतच होती.

या प्रेसचे त्याला मोठे कुतूहल. अंगठ्याएवढ्या नळीतून येणारे तेल खोलीभर रुईला आवळून तिची दगडासारखी गाठ करते, म्हणजे एवढे बळ तेलात येते तरी कुठून? तो विचार घोळवतच त्याने सिलिंडर खोलला, झिजलेले सील बदलले आणि नवे तेल भरले. गळती थांबली.

पण प्रेस चालू केली, तर पंप नुसता घुमत राहिला. दाबाचा काटा चढता चढेना आणि सिलिंडरातला दट्ट्या गचके खात वर येऊ लागला. यंत्र चालवणारे भिकनदादा म्हणाले, "भाऊ, पहिले असं नव्हतं. तुम्ही खोललं, तवापासून अडखळतंय."

हे निंबाला झोंबले. नाचता येईना, की अंगण वाकडे दिसायला वेळ लागत नाही. त्याने कारखान्याच्या शेठजींना सांगितले, पंपाची मोटर कमी पडते, मोठी आणावी लागेल. बाबांनाही फोनवर तेच सांगितले. बाबा म्हणाले, "थांब. मी येतो."

बाबा आले. प्रेस एकदा चालवून दट्ट्याचे गचके पाहिले; मोटरीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. प्रेस रिकामी करवली, सिलिंडरच्या माथ्याशी असलेल्या एका लहान स्क्रूखाली बादली धरायला सांगितली आणि पंप अगदी हळू चालवून तो स्क्रू थोडा सैल केला. फुस्स आवाज करत फेसाळ तेल बादलीत पडू लागले.

"बाबा, नवं तेल आहे ते!" निंबा कळवळून म्हणाला. गळती थांबवायला आपल्याला पाठवायचे आणि स्वतः येऊन गळती करायची, हे म्हातारपण तर नव्हे, असेही त्याच्या मनात येऊन गेले.

"वाहू दे," बाबा म्हणाले.

हळूहळू फेस विरला. तेलाची अखंड, नितळ धार लागली, तेव्हाच त्यांनी स्क्रू आवळला आणि टाकीत तेलाची भर घातली. "रुई भरून चालवा, दादा." दट्ट्या एका चालीने संथपणे वर चढला आणि त्याने रुईची घट्ट गाठ करून दाखवली. मोटर तीच होती.

"चार थेंब सांडले आणि जोर वाढला? हे काय गौडबंगाल आहे, बाबा?"

"जोर वाढला नाही रे, पोचला. पंप तेलाला रेटतो. तेल काही दबून लहान होत नाही; मिळालेला रेटा ते दट्ट्याच्या बोटबोट जागेला तेवढाच देतं. दट्ट्या रुंद, म्हणून त्या सगळ्याची बेरीज एवढी मोठी. बदल्यात तो चालतो सावकाश. पण मध्ये हवा अडकली, की आलेला रेटा ती आधी आपल्याच पोटात घालते आणि मन मानेल तेव्हा सोडते. म्हणून गचके. पंप प्रामाणिक, दट्ट्या प्रामाणिक; मधल्याने मात्र पुढे द्यायचं ते जवळ ठेवलं. तेल भरल्यावर हवा काढायची राहिली तुझी." मग त्यांनी सहज विचारले, "गचके बसतात हे फोनवर बोलला नाहीस. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं का?"

भिकनदादा सांडलेली रुई गोळा करू लागले. निंबाला फार लाज वाटली.

"दादांनी सांगितलं होतं, बाबा. मी खोलल्यापासूनच होतंय म्हणाले. मीच तुम्हाला सांगितलं नाही. माझी चूक दिसली असती."

बाबा हात पुसत राहिले. निंबा मात्र तडक शेठजींसमोर जाऊन उभा राहिला.

"शेठजी, मोटर चांगली आहे. हवा काढायला मी विसरलो. भिकनदादांनी मला सांगितलं, तेही मी दडवलं."

शेठजींनी त्याला आपादमस्तक न्याहाळले आणि मागून आलेल्या बाबांना विचारले, "मिस्त्रीबाबा, पुढच्या हंगामाला तुम्ही येणार, की यालाच धाडणार?"

निंबाने मान खाली घातली. हातचे काम गेले, हे त्याने मनोमन गृहीतच धरले.

"यालाच," बाबा म्हणाले. "आता इथलं सगळं मला घरबसल्या जसंच्या तसं कळेल."