काट्यावरची झोळी

सूतपेठेच्या गिरणीला कधीच टाळं लागलं, पण दारातला लोखंडी काटा अजून उभा आहे. गाव बघायला येणाऱ्यांना चाळीतल्या थोरल्या काकू आधी तिथंच नेतात. कापसाच्या गाठी तोलायचा हा काटा. पण गावातलं प्रत्येक बारसं याच्याखाली होतं.

मालकांनी हे गाव, म्हणे, आधी कागदावर वसवलं. रेघ मारल्यासारख्या चाळी, चौकात देऊळ, शाळा, तालीम. गाठींना गोदाम, घोड्यांना तबेला. विसरले ते एवढंच, की रिळाच्या खात्यात बाया आहेत आणि बायांना लेकरं आहेत.

हौसा त्याच खात्यात होती. पोर पाच महिन्यांची, घरात बघायला कोणी नाही. बाकीच्या बाया लेकरांना अफूची गोळी देऊन भोंग्यासरशी निघायच्या. शेजारणीचं बाळ एकदा दिवस मावळेपर्यंत उठलंच नाही, तेव्हापासून हौसाचा हात गोळीला धजेना. काम सोडावं तर खोलीही जाणार, कारण खोली गिरणीची.

"रंगूदादा, लेकराला कुठं ठेवू?" तिनं मुकादमाला विचारलं.

"नकाशात जागा असेल तिथं ठेव."

पाच दिवस विचारलं, पाच दिवस हेच. सहाव्या दिवशी तिनं विचारलंच नाही. जुन्या लुगड्याची झोळी काट्याच्या आकड्याला बांधली आणि पोर आत घातली. मागं गाठींच्या गाड्या खोळंबल्या.

"अगं बाई, माल तोलायचाय," पुढचा गाडीवान ओरडला.

"मग आधी हिला तोला. गाठीला छप्पर मिळतं, हिलाही मिळू दे."

असं सांगतात, की तेवढ्यात काटा करकरला आणि पाच शेरांची पोर गाठीएवढी खाली गेली. चार हमालांना झोळी उचलेना. कापूस आत जाईना. दुपारी गिरणीतले साचे, सगळी यंत्रं, थांबले. शेवटी मालक आले. नकाशा मागवून त्यांनी गोदामाशेजारी पेन्सिलीनं एक चौकोन काढला.

"कागदावर पोर निजत नाही, मालक," हौसा म्हणाली.

मग गोदामातल्या गाठी उन्हात काढल्या, आत पाळणे टांगले, आणि झोळी फुलासारखी वर आली.

आजही बारशाला लेकरू आधी त्या आकड्याला झोळीत घालतात. काटा गंजलाय, जागचा हलत नाही. तरी आई विचारते, "लेकराला कुठं ठेवू?" आणि सगळी चाळ "गाठीच्या आधी" म्हणेपर्यंत आत्या कानात नाव सांगत नाही.