ठमाकाकूंची अन्नशुद्धी

गावाचं नाव काही का असेना, तिथे राणोजी नावाचा एक गवळी होता. एकदा त्याच्या गायीचं वासरू मेलं. अशा वेळी गवळी काय करतात, तर मेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गायीपुढे उभं करतात. गाय फसते, पान्हा सोडते, दूध चालू राहतं. राणोजीने तेच केलं. गाय आठवडाभर त्या पेंढ्याला चाटत राहिली. आठव्या दिवशी राणोजीला ते बघवेना. तिच्या पाठीवर हात ठेवून त्याने शब्द दिला की आजपासून दूध, दही, लोणी, तूप मला बंद. गवळीपण सोडून तो भाजीपाला पिकवू लागला. दहा वर्षं त्याने तो शब्द पाळला, आणि हे बोलण्याइतकं सोपं नाही बरं.

पुढे त्याला पोटाचं दुखणं जडलं. राजधानीतल्या वैद्यांनी सांगितलं की एकवीस दिवस इथेच राहून औषध घ्यायचं. तळलेलं, तिखट बंद. दोन्ही वेळा साधं, ताजं जेवण पोटात गेलं पाहिजे, नाहीतर औषध लागू पडायचं नाही आणि मग जिवाची आशा धरायला नको.

साधं जेवण! एवढ्या मोठ्या शहरात त्याला काय तोटा, असं तुम्हाला वाटेल. राणोजीलाही वाटलं होतं. पहिल्या खानावळीत वरणाला तुपाची फोडणी. दुसरीत भाजीत साय. तिसरीत कोशिंबिरीला दही. दही नको म्हटलं, तर वाढप्याने वरचं दही चमच्याने निपटलं आणि तीच वाटी पुन्हा पुढे ठेवली. चौथ्या ठिकाणी मालकाने त्यालाच शिकवलं की दूधतुपाइतकं सात्त्विक दुसरं काही नाही, त्यात कसलं आलंय पाप? दुधाचा थेंब नसलेली एकच वस्तू जिकडेतिकडे मिळे, ती म्हणजे भजी, आणि ती वैद्यांनी बंद केलेली. इकडे आड, तिकडे विहीर. राणोजी फुटाणे आणि केळी खाऊन दिवस काढू लागला. सहाव्या दिवशी भर रस्त्यात भोवळ येऊन पडला.

पडला तो नेमका ठमाकाकूंच्या खानावळीसमोर. काकू मोठ्या मायेच्या बाई. त्यांनी त्याला आत आणून निजवलं, पाणी पाजलं. राणोजीने सगळं सांगितलं, वासराचंसुद्धा. काकूंचे डोळे भरून आले. तुझं सगळं वेगळं रांधते, त्या म्हणाल्या, आणि खरंच त्यांनी भाकरी, पडवळाची भाजी, भात आणि मुगाचं वरण वेगळं रांधलं.

पण काकूंच्या हातून तुपावाचून पान कधी वाढलं गेलं नव्हतं. भातावर तूप पडलं की अन्न शुद्ध झालं, अशी त्या घराची रीत. बिनतुपाचं पान पाहुण्यापुढे ठेवायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येई, त्यातून हा तर आजारी. त्यांनी चुलीपाशीच वरणात चमचाभर तूप घातलं, चांगलं ढवळलं आणि पान बाहेर आणलं.

"तूप नाही ना काकू यात?" राणोजीने विचारलं.

"नाही रे बाबा. सावकाश जेव."

तो जेवला. पंधरा दिवस दोन्ही वेळा पोटभर जेवला. औषध लागू पडलं, अंगात ताकद आली. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्याने तुपाचं विचारणं सोडून दिलं होतं.

निघायच्या दिवशी तो काकूंच्या पाया पडला. काकूंना आता राहवेना.

"रागावू नकोस हो," त्या म्हणाल्या. "रोज तूप घालत होते मी. त्यानेच जीव धरलास बघ. आणि तुला कळलंसुद्धा नाही."

राणोजीने हातातलं गाठोडं खाली ठेवलं.

"काकू, मी गवळ्याच्या पोटचा. तूप मला पहिल्या घासालाच कळलं. भूक फार लागली होती. तुम्ही नाही म्हणालात, तेवढंच धरून जेवत राहिलो."

पुण्य जोडलं म्हणून काकू पंधरा दिवस खुशीत होत्या. आता त्यांनी त्याला प्रायश्चित्त घे म्हणून सांगितलं, पुन्हा नव्याने शब्द दे म्हणून विनवलं. तो नकाराची मान हलवून निघून गेला.

पोट बरं झालं, माणूस मात्र खचला तो खचलाच. गावी कुणी पुढ्यात ताकाचा पेला ठेवला की राणोजी आता मुकाट्याने पिऊन टाकायचा. गावकऱ्यांना बरं वाटलं. शहाणा झाला एकदाचा, असं ते म्हणत.

तात्पर्य: आपल्याला जे शुद्ध ते सगळ्यांनाच शुद्ध, असं धरून मायेपोटीही कुणाच्या पानात खोटं वाढू नये. भूक भागवता येते; मोडलेला शब्द कुणालाच परत वाढता येत नाही.