हौसाईला भ्यालेला किडा

घसरटी नावाच्या खिंडीत हौसाईची देवळी आहे, छोटीशी, पत्र्याची. तिच्या आडोशाला पाऊस कधी पोचतच नाही, त्यामुळे माती अगदी पिठासारखी. आणि त्या मातीत वाटाणा मावेल एवढे गोल खड्डे, शेकड्यानं! प्रत्येकाच्या तळाशी एक किडा दबा धरून बसलेला. मुंगी काठावरून घसरली की हा खालून माती उडवतो, की ती गडगडत थेट त्याच्या जबड्यात. रस पिऊन झाला की टरफल बाहेर. मी तर पालथी पडून बघत होते!

गंमत म्हणजे एकही खड्डा कुणी मोडलेला नव्हता. तिथं चहा विकणाऱ्या ठकूमावशींना म्हटलं, "किती दया आहे हो तुमच्या गावात!"

"दया?" मावशी अशा हसल्या की गाळणीतला चहा सांडला. "अगं बाय, मारत नाय कारण मारून घ्यायला बी लायकी लागती."

मग त्यांनी सांगितलं. फार पूर्वी म्हणे या खिंडीत रंभाजी नावाचा लुटारू असायचा. लुटारू आपलं म्हणायचं म्हणून! कमरेला दोन कोयते, मिशा कानापर्यंत, आणि जन्मात उभ्या माणसाशी एकदाही लढला नाही. करायचा काय, तर उतारावर भुसभुशीत मुरूम पसरायचा आणि आपण खाली घळीत दडून बसायचा. वाटसरू घसरला की हा खालून मुरूम उपसायचा. तो चढेल तेवढा खाली येणार. दमून पुढ्यात पडला की मग आमचे शूरवीर बाहेर!

"आयतोबा मेला," मावशी म्हणाल्या. "शिकारीला चालत जायचा बी कंटाळा."

एका दुपारी तिथून हौसाई निघाली होती. सुईण होती ती. वरच्या वाडीत तिची स्वतःची लेक अडली होती, सकाळीच सांगावा आला होता. आणि नेमका तिचा पाय घसरला. चार पावलं चढली, सहा पावलं खाली आली. परत चढली, परत खाली. गुडघे सोलले. वर लेक तळमळतेय आणि खाली हा फिदीफिदी हसतोय.

"ये म्हातारे, ये. समदी हितंच येत्यात."

तेव्हा हौसाई थांबली, असं सांगतात. वळली. आणि सरळ खाली चालायला लागली, त्याच्याच दिशेनं, रिकाम्या हातानं!

"येतेच की. थांब तिथंच."

आपल्याकडे चालत येणारं माणूस रंभाजीनं कधी बघितलंच नव्हतं. कोयते राहिले कमरेला. तो एक पाऊल मागे, ती एक पुढे. तो अजून मागे. असा मागे मागे सरकत स्वतःच उपसलेल्या मुरमात कमरेएवढा रुतला. आणि रडायलाच लागला म्हणे, "मार गं एकदाची!"

हौसाई थुंकली. "तुला मारून हात मळवू? या हातांनी नातवंड घ्यायचंय मला. ऱ्हा असाच मातीत, मुंग्या खा. अन् चालशील तवा उलटाच चालशील."

आता खालून मुरूम उपसणारं कुणी नव्हतं. ती दमानं चढून गेली. पोचली तेव्हा लेकीचा आवाज बसला होता, पण धुगधुगी होती. दिवेलागणीला नात झाली. परतताना तिनं घळीत वाकून पाहिलं, तर रंभाजी नाहीच! वाटाणा मावेल एवढा खड्डा, आणि तळाशी दोन बारीक कोयते.

आजही सातवा महिना लागलेल्या पोटुशी पोरीला या देवळीत आणतात. नारळ नाही, ओटी नाही. तिनं किडा तळहातावर घ्यायचा, चालू द्यायचा, बाजूला थुंकायचं आणि त्याला परत मातीत टाकून द्यायचं. बस.

मीही एक घेतला. नखाएवढा, करडा, लिबलिबीत. तोंड जवळ नेलं, तर हा लगालगा मागे!

मावशींनी कप विसळताना मानसुद्धा वर केली नाही.

"मागं चालला ना? अजून हौसाई दिसती त्येला."