गोठ्याची सावली कुठवर हुती

"तोंड वाकडं झालं तवा गोठ्याची सावली कुठवर हुती?"

सर्जेराव तापला. थोरला भाऊ मल्हारी जीपमधी आडवा पडलाय, उजवा हात लोंबतोय, लाळ गळतीया, बोलाय गेला तर नुसतं बॅ बॅ... आन ह्यो फकीर सावली इचारतोय.

"हौदाला टेकली हुती," त्यो दातओठ खात बोलला. "चा पितापिता कप गळाला. आता उतारा करा."

चाळीस गावांत डोंगरावरल्या त्या दर्ग्याचं नाव. लकवा मारलेला माणूस तिथं आणायचा, कबुतर कापायचं, गरम रगत अंगाला चोळायचं, तीन दिस ओसरीवर निजवायचं. सर्जेराव जितं कबुतर पिशवीत घिऊनच आलावता. जुनं बाबा गेल्या उन्हाळ्यात वारलं. ह्यो दस्तगीर त्यांचा चेला. अंगावर शाल, बोलणं कमी.

"हौदाला. भिक्षेला येतो की मी तुमच्या गोठ्यावर. म्हंजी आठ," दस्तगीर म्हणाला. "आता धा वाजत आलं..."

मग म्हणं, प्रेशर हाय का त्याला?

हुतं की. पर दोन महिनं झालं गोळ्या बंद. सर्जेरावनंच बंद केल्यावत्या. धडधाकट गडी, रोज शंभर पेंढ्या उचलतोय, त्याला गोळ्या कशाला? तंबाकू मळत मळतच त्यानं हे सांगितलं, चांगलं छाती काढून.

दस्तगीरनं पिशवी घेतली, गाठ दातानं सोडली.

कबुतर भुर्रकन घुमटावर जाऊन बसलं.

"आरं ए..." सर्जेराव अंगावर धावला. शिव्या तोंडापातूर आल्या.

दस्तगीरनं शाल बाजूला केली. डावा हात वाळल्या फांदीवाणी छातीशी आखडलेला.

"मला तेरा वरसांमागं लकवा मारला. ह्याच ओसरीवर तीन दिस निजलो. खुद्द गुरूनं चोळलं. गुरू माझा लई मोठा माणूस... हात न्हाई आला."

धावलेला सर्जेराव जागीच थांबला.

"डोक्यातली नस तुंबलीया. वरनं चोळून ती उघडंल व्हय?"

येवढं बोलून त्यो जीपमधी चढला. मल्हारीचं डोस्कं मांडीवर घेतलं. तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात चल म्हणाला, मशीन हाय तिथं डोक्याचा फोटू काढायचं. पाणी पाजू नगंस, ठसका लागंल.

सर्जेराव म्हणाला, उंबऱ्याला पाया तरी पडू द्या.

"मागनं पड. भावाला संगं आण. त्यानं दोन्ही हात जोडाय पायजेत."

जीप डोंगर उतरली. दवाखान्याच्या दारात हाच एकहाती माणूस डाक्टरला आधी बोलला, "आठला झालंय." डाक्टरनं घड्याळ बघितलं, साडेचार तासांच्या आत हाय, गाठ इरघळायची सुई देता येतीया म्हणाला आन पळत सुटला.

दीड महिन्यानं दोघं भाऊ दर्ग्यात आलं. मल्हारी काठी टेकत, पाय वाईच ओढत. बोलणं जड, पर कळत हुतं. उंबऱ्यापाशी त्यानं काठी भिंतीला लावली. डावा हात वर आला. उजवा मागनं आला, थरथरत, सावकाश... आन दोन्ही जुळलं.

सर्जेरावला ऱ्हावलं न्हाई. असला तापट गडी, पर डोळं भरलं. आजवर कुणाफुडं न वाकलेला माणूस दस्तगीरच्या पायाशी बसला.

"बाबा, मला चेला करा. तुमी सांगाल ते करीन."

दस्तगीर त्याच्या तंबाकूनं फुगल्या गालाकडं बघत राह्यला...

"आधी थुंक."